चाल कोणाची? संगीत नाटकाच्या पुस्तकातली एक दुर्लक्षित ओळ

लोकप्रिय संगीतातली चोरी हा विषय संशोधनासाठी घ्यायचा म्हटला की बहुतेकांची सुरुवात एकाच जागी होते. 'शोले'मधलं (१९७५) 'मेहबूबा मेहबूबा' आणि डेमिस रूसोस या ग्रीक गायकाचं 'से यू लव्ह मी' अशी दोन गाणी पाठोपाठ ऐकवायची आणि म्हणायचं, बघा, सरळ उचललंय! मग 'छाया'मधल्या (१९६१) 'इतना ना मुझसे तू प्यार बढा'मागे मोझार्टची चाळिसावी सिंफनी आहे हे सांगायचं, पण तिथे मात्र 'प्रेरणा' हा शब्द वापरायचा. आर. डी. बर्मन यांची चोरी आणि सलील चौधरींची प्रेरणा! असं का, असं विचारलं तर उत्तर येतं की मोझार्ट १७९१ सालीच गेला, रूसोस तेव्हा हयात होता. हे उत्तर कोर्टात चालेल. इतिहासाच्या प्रबंधात ते पुरत नाही.

या प्रकरणांत दोन्ही टोकांना नावं आहेत, ध्वनिमुद्रिका आहेत, तारखा आहेत. म्हणून तर ती सापडतात. पण ज्या काळात घेणारा काही लपवतच नव्हता, उलट 'ही चाल अमुक गाण्याची' असं छापूनच देत होता, त्या काळाचं काय करायचं? मी सध्या ज्या कागदांवर काम करतोय त्यांत हा प्रश्न पानोपानी येतो, म्हणून या वेळी त्याबद्दल लिहितोय.

संगीत नाटकाचं एखादं जुनं पुस्तक उघडा. पद सुरू होण्याआधी बारीक टाइपात एक ओळ असते. कधी राग, कधी ताल, आणि त्यासोबत 'चाल'. या शब्दापुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. ते गाणं मराठी असेल, कानडी असेल, हिंदी-उर्दू असेल, गुजरातीसुद्धा असेल. वाचताना आपली नजर या ओळीवरून सटकन पुढे जाते, कारण आपल्याला पदाचे शब्द हवे असतात. माझ्या विषयाचा जवळजवळ सगळा माल त्या बारीक ओळीत आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं, 'सौभद्र' १८८२ मध्ये. पारशी मंडळींचं 'इंद्रसभा' पाहून अण्णासाहेबांना मराठीत असं काही करावंसं वाटलं, ही हकिकत नाट्येतिहासात नेहमी सांगितली जाते. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या जन्मकथेतच एक उसनवारी आहे, आणि ती कोणी कधी दडवली नाही. अण्णासाहेब मूळचे गुर्लहोसूरचे, आताच्या बेळगाव जिल्ह्यातले. कानात कानडी गाणी होती, कीर्तन होतं, लावणी होती, घरातल्या बायकांची गाणी होती. साकी, दिंडी, कामदा ही वृत्तं तर अशी की वृत्ताचं नाव घेतलं की चाल आपोआप ओठांवर येते. हे सगळं त्यांनी नाटकात आणलं. चाल आधी आणि शब्द नंतर, असाच बऱ्याचदा क्रम. पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय'पासून (१८९६) पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या उडत्या चालींची वाट धरली. त्यावर टीका झाली. मात्र टीकेचा रोख चाली 'परक्या' आणि थिल्लर असण्यावर होता. दुसऱ्याच्या चाली घेतल्याचं कोणाला वावगं वाटलं नाही, हा फरक नोंदवून ठेवा.

आता या ओळीचा अर्थ कसा लावायचा? इथे नवख्या वाचकासमोर दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे, 'बघा, यांचं स्वतःचं काही नव्हतंच, सगळं उसनं.' दुसरी वाट जरा गोड आहे, 'आपले पूर्वज किती प्रामाणिक, ऋण मान्य करून मोकळे होत.' मला दोन्ही वाटा पटत नाहीत. ती ओळ ना कबुलीजबाब आहे, ना ऋणनिर्देश. ती वापरायची सूचना आहे. सामान्य वाचकाला वाचता येईल असं स्वरलेखन तेव्हा रुळलेलं नव्हतं. भातखंडे आणि पलुस्करांच्या पद्धती पुढे आल्या, आणि त्याही शिकणाऱ्यांपुरत्या. नाटकाचं पुस्तक विकत घेणाऱ्या तालुक्याच्या गावच्या हौशी मंडळीला, कीर्तनकाराला किंवा घरी पेटी घेऊन बसणाऱ्याला हे पद कसं म्हणायचं ते कळावं, एवढ्यासाठी 'चाल' लिहिलेली असे. पाककृतीच्या पुस्तकात 'शिऱ्याला भाजतो तसा रवा भाजावा' लिहितात ना, तसं.

याचा संशोधनाच्या दृष्टीने परिणाम मोठा आहे. सूचना उपयोगी पडायची तर तिथे वाचकाला आधीच येत असलेलं गाणं लिहावं लागणार. म्हणजे 'चाल' या शब्दापुढे जे गाणं दिसतं ते मूळ गाणं असेलच असं नाही. ते त्या वेळी लोकांच्या कानात असलेलं गाणं असतं. एखादी ठुमरी लखनौहून पारशी कंपनीत गेली, तिथून मराठी नाटकात आली, तर पुस्तकात पारशी नाटकातल्या गाण्याचे शब्द येतील. ठुमरी कुठेच दिसणार नाही. ही ओळ उगम सांगत नाही, ओळख सांगते. 'अमुक चाल अमुक गाण्यावरून घेतली' असं प्रबंधात लिहिताना एवढं भान हवं. 'त्या वेळच्या वाचकाला ही चाल अमुक गाण्याची म्हणून माहीत होती' असं लिहिलंत तर कोणी तुम्हाला अडवू शकणार नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही.

आपल्याकडे गाण्यात कवीचं नाव कुठे असतं? शेवटी. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबा आपलं नाव घेतात, लावणीच्या अखेरच्या कडव्यात होनाजी, राम जोशी येतात, ख्यालाच्या चीजेत सदारंग-अदारंग बहुधा अंतऱ्यात सापडतात. ही नाममुद्रा म्हणजे रचनाकाराची सही. आणि गाण्याचा हवाला कसा देतात? पहिल्या शब्दांनी! पुस्तकातल्या 'चाल'पुढे गाण्याचं तोंड येतं, शेपूट येत नाही. म्हणजे कोणाच्याही मनात पाप नसताना, केवळ हवाला देण्याच्या पद्धतीमुळे, चाल उचलली की सही मागे राहते. लावणीची चाल नाटकात आली, नवे शब्द बसले, आणि शाहीर शेवटच्या कडव्याबरोबर बाहेरच थांबला.

इथे एक वाजवी शंका निघू शकते. मुद्रा कवीची असते, चाल बांधणाऱ्याची नाही, मग गेलं काय? शंका बरोबर आहे. चीजेत बंदिश बांधणारा आणि शब्द रचणारा बहुधा एकच असतो, लावणीत तसं खात्रीने म्हणता येत नाही. ढोलकीवाल्याने, गाणारणीने चालीत काय घातलं त्याची सही कधीच कुठे नव्हती. बायकांच्या ओव्या-गाण्यांना तर कोणतीच मुद्रा नाही. तेव्हा उधार देणारे तीन थरांत आहेत असं मी धरतो. ज्यांचं नाव गाण्यात होतं आणि गळालं ते, ज्यांचं नाव फक्त लोकांच्या तोंडी होतं ते, आणि ज्यांचं नाव कधी घेतलंच गेलं नाही ते. चोरीची चर्चा नेहमी पहिल्या थराबद्दल होते.

१९११ साली चित्र बदलू लागतं. खाडिलकरांच्या 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या. पेटीवादक टेंबे पूरब अंगाच्या गाण्याचे शौकीन होते. त्यांनी ठुमरी-दादऱ्याचा सगळा डौल मराठी रंगभूमीवर आणला. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आलं. भास्करबुवा बखल्यांनी घराण्याच्या तालमीतल्या चीजा काढून दिल्या, खाडिलकरांनी त्यांवर शब्द लिहिले आणि बालगंधर्वांनी ते असे गायले की मूळ चीज मैफलीत ऐकली तरी लोकांना पद आठवू लागलं. पुस्तकात राग, ताल, चाल येत राहिली. पण लोक आता 'ही टेंब्यांची चाल', 'ही बुवांची चाल' असं म्हणू लागले. गाण्याच्या नावाऐवजी माणसाचं नाव आलं.

याच सुमारास घराण्यांमध्ये 'चोरी' हा शब्द चांगलाच जिवंत होता, हे लक्षात घ्या. तिथे चीज म्हणजे ठेव. उस्ताद ती जावयाला देईल, शागिर्दाला देईल, पण दाराआडून ऐकून कोणी उचलली तर ती चोरी. सूर तेच, शब्द तेच, काही बदललेलं नाही, तरी चोरी. कारण तिथे प्रश्न साम्याचा नव्हता, परवानगीचा आणि नात्याचा होता. भास्करबुवा फैज महंमद खाँ, नथ्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे शिकलेले. त्यांनी त्या विद्येतली एखादी चीज नाटकाला दिली तर ती चोरी होत नाही, कारण ते रीतसर शागीर्द. मग ते पद ऐकून गावोगावचे हजारो लोक ती चीज नकळत गाऊ लागले, ते कोण? घराण्याच्या भाषेत त्यांना शब्दच नाही. भातखंड्यांनी अनेक उस्तादांकडच्या चीजा मिळवून 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापल्या, तेव्हाही ही अस्वस्थता होतीच. आज आपण त्यांना जतनकर्ता म्हणतो. ज्याची ठेव बाजारात आली त्या घरातून ते कसं दिसलं असेल, याचाही विचार करायला हवा.

मग तबकडी आली. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला, गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं. तिच्या जुन्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते प्रसिद्धच आहे. त्याचं सांगितलं जाणारं कारण अगदी कारखानदारी आहे. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला तयार होत, तिथल्या लोकांना कोणती तबकडी कोणाची हे कळायला हवं. मला यात आपल्या 'चाल' ओळीची सख्खी बहीण दिसते. दोन्हीकडे नाव आलं ते सन्मानासाठी नव्हे, काम अडू नये म्हणून. आणि कामाची गरज संपली की नावही गेलं. छापील लेबलांची व्यवस्था बसल्यावर गाणाऱ्याने ओरडून नाव सांगायचं कारण उरलं नाही. नाट्यपदाच्या तबकडीवर गाणाऱ्याचं नाव, पदाचे पहिले शब्द, कधी नाटकाचं नाव, कधी राग येई. 'चाल' लिहायची गरजच नव्हती, कारण चाल तर तबकडीतच वाजत होती! ज्या ओळीमुळे आपल्याला उधारीचा माग लागतो ती या यंत्राने सहज निकामी करून टाकली.

पुढचा टप्पा १९३२ चा, 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट. आणि त्याचे संगीतकार? पुन्हा गोविंदराव टेंबेच. (हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच.) एकच माणूस पुस्तकातल्या 'चाल' ओळीच्या जगातून श्रेयनामावलीच्या जगात आला. बोलपटाच्या पाटीवर 'संगीत' असं लिहून पुढे एक नाव येतं. नाटकाच्या पुस्तकात गाणं होतं आणि माणूस नव्हता, आता माणूस आहे आणि गाणं नाही. 'संगीतकार' नावाची व्यक्ती जन्माला आली आणि उधारीची वही बंद झाली, असं मी म्हणेन. टेंब्यांनी मुद्दाम काही लपवलं असा याचा अर्थ नाही. पाटीवर जागाच एका नावाची होती. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत पुढे गोव्याहून आलेले सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्सालव्हिस, चिक चॉकलेट असे वादक-संयोजक वाद्यमेळ रचत राहिले, त्यांचंही बरंचसं काम त्या एका नावाखाली गेलं. तीच जागा, तीच अडचण.

कायदा या सगळ्यात कुठे होता? १९१४ चा कायदा ब्रिटिश कायद्याचीच आवृत्ती. स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगीतकृतीची व्याख्या अशी की सुरावट किंवा स्वरमेळ असेल तो छापलेला, लिहिलेला किंवा रेखाटलेला हवा. म्हणजे जो संगीतप्रकार कागदावर उतरतच नाही त्याला संगीतकृती म्हणून दाराबाहेरच ठेवलं! ही अट १९९४ च्या दुरुस्तीत गेली. मधल्या काळात, १९७७ मध्ये, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि चित्रपट निर्माते यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने कौल दिला. त्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी वेगळी टिपणी जोडून म्हटलं की आपल्याकडे संगीताचा आत्मा गाणाऱ्याच्या गळ्यात असतो आणि कायदा मात्र कागदावरच्या सुरांनाच ओळखतो. कायद्याच्या इतिहासात काम करणार असाल तर ती टिपणी जरूर वाचा, छोटीशीच आहे. पुढे १९९४ मध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कलावंत म्हणून हक्क मिळाले, २०१२ मध्ये गीतकार-संगीतकारांच्या मानधनाच्या हक्काला बळ मिळालं. हे सगळे हक्क नाव असलेल्यांचे. बप्पी लाहिरींचं 'ज्योती'मधलं (१९८१) गाणं ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात वापरलं गेलं, तेव्हा २००३ साली लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं की लाहिरींचं नाव छापल्याशिवाय तो अल्बम विकायचा नाही. नाव छापा! किती सरळ आदेश. लावणीच्या चालीसाठी असा आदेश मागायला कोर्टात उभं कोण राहणार?

आतापर्यंत मी उधारी वरून खाली पाहिली, म्हणजे पांढरपेशा नाटकाने तमाशाकडून, घरातल्या बायकांकडून, उस्तादांकडून घेतलेलं. उलट दिशेचीही आहे आणि मला तिच्यावर काम करायला जास्त आवडतं. गणेशोत्सवातले मेळे, सत्यशोधक जलसे, नंतरचे आंबेडकरी जलसे, या सगळ्यांनी लोकप्रिय चाली मोकळ्या हाताने घेतल्या. तमाशाच्या घेतल्या, नाट्यपदांच्या घेतल्या, पुढे सिनेमाच्या घेतल्या. त्यांच्या स्वस्त चोपड्यांत पदावर 'चाल' लिहिलेली असे, अगदी किर्लोस्करी पुस्तकासारखी. ज्याला नाटकाच्या थिएटरात पुढच्या खुर्चीवर बसायला मिळत नव्हतं, तो त्याच नाटकाच्या चालीवर पाणवठ्याच्या हक्काचं पद गात होता. ऐकणाऱ्याला चाल आधीच पाठ, त्यामुळे नवा विचार एका रात्रीत वस्तीभर पोचायचा. याला चोरी म्हणायची कोणाची हिंमत होईल असं मला वाटत नाही. पण 'सिनेमाच्या चालीवर देवाची गाणी म्हणतात, भीमगीतं म्हणतात' म्हणून नाक मुरडणारे भेटतात, आणि गंमत म्हणजे नाट्यसंगीताच्या उसनवारीला हीच मंडळी 'परंपरा' म्हणतात. सूर घेण्याची क्रिया एकच, शब्द मात्र घेणाऱ्याच्या पायरीप्रमाणे बदलतो.

म्हणून प्रबंधाचा प्रश्न 'ही चोरी आहे की उसनवारी?' असा ठेवू नका, असं मी नव्या मुलांना सुचवतो. त्याचं उत्तर शोधता शोधता तुम्ही न्यायाधीश होता आणि पाचव्या पानावर पुरावा संपतो. 'नोंद कोणी, कोणासाठी, कुठे केली आणि ती केव्हा बंद झाली?' असं विचारलंत की कपाटंच्या कपाटं उघडतात. नाटकाच्या आवृत्त्या एकमेकींशी ताडून बघता येतात. एका आवृत्तीत असलेली 'चाल' दुसरीत बदलली आहे का, गळली आहे का, कानडी गाण्याच्या जागी मराठी गाणं आलं आहे का? जुनं गाणं लोक विसरले की सूचना निरुपयोगी होणार, तेव्हा असे बदल शोधण्यासारखे आहेत.

एक व्यवहाराची सूचना. इंटरनेटवर नाट्यपदांचे शब्द भरपूर मिळतात आणि ते देणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण बऱ्याच ठिकाणी पदाखाली गीतकार, संगीतकार, गायक, राग अशी माहिती असते आणि छापील पुस्तकातली 'चाल' ओळ नसते. चित्रपटाच्या पाटीचा साचा मागे जाऊन नाटकाला बसवलेला असतो. किर्लोस्करांच्या पदापुढे 'संगीत : अण्णासाहेब किर्लोस्कर' असं दिसलं की थांबा. त्यांनी स्वतः असा दावा केला नव्हता, त्यांच्या पुस्तकात तर दुसऱ्याच गाण्याचा पत्ता लिहिलेला होता. तेव्हा छापील प्रत हातात घ्या, शक्यतो सर्वांत जुनी.

जलशांच्या चोपड्या मिळवणं याहून अवघड. मुखपृष्ठ गेलेलं, कागद तुकडे पडणारा, ग्रंथालयाच्या यादीत 'किरकोळ' म्हणून एकत्र बांधलेल्या. ज्या घरांत त्या जपल्या आहेत तिथे आधी माणसं भेटतात, मग कागद. आणि ती 'चाल' ओळ अजून मेलेली नाही. कुठल्याही भजनी मंडळाची हाताने लिहिलेली वही मागून बघा. अभंगाच्या वर, समासात, पेनाने एखाद्या चित्रपटगीताचे पहिले शब्द लिहिलेले सापडतील. ती कोणत्या साली कोणी लिहिली, आणि त्या चित्रपटगीताची चाल त्याआधी कुठून आली होती, हे विचारायला वहीची मालकीण अजून समोर बसलेली असते.